दोन्ही बाजू मान्य असतील तर

आत्याला कॅन्सरच्या ट्रायलमध्ये, म्हणजे दोन उपचारांची पेशंटवर तुलना करून बघतात त्या अभ्यासात, घालायचं का नाही यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी तिच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा झाली नव्हती. ऑपरेशनला कुणी काही विचारलंच नाही, डॉक्टर म्हणाले काढावं लागेल, काढलं. ट्रायल म्हणल्यावर मात्र प्रत्येकाला मत होतं, आणि बहुतेक मतं एकतर भीतीतून आलेली नाहीतर आशेतून. मधल्या काळात ओळखीतल्या काही जणांनी फोन करून मला हेच विचारलं, आमच्याकडे पण असा फॉर्म दिलाय, काय करू, आणि फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही म्हणून लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही. पुण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघते. पण त्या काळात जे वाचलं, विचारलं आणि डोळ्यांनी बघितलं ते सांगावंसं वाटतं.

आत्या बार्शीकडची. लग्नाआधीपासून मिश्री लावायची. आमच्या भागात बायका तंबाखू तव्यावर भाजून तिची पूड करतात, सकाळी दात घासायच्या निमित्ताने लावतात, मग दुपारी कामातून बसल्यावर, मग परत संध्याकाळी, आणि ह्याला कुणी व्यसन म्हणतच नाही. पोरानं गुटख्याची पुडी आणली तर घर डोक्यावर घेणारी बाई स्वतः हिरडीला मिश्री चोळत बसलेली असते. आत्याला खालच्या हिरडीजवळ गालाच्या आत जखम झाली, ती भरेना, तपासणीत कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा, गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी, म्हणजे कॅन्सर पसरला तर जिथं आधी जातो त्या लसिकाग्रंथी, काढल्या, नंतर रेडिएशन. वर्ष-दीड वर्ष बरी गेली. मग परत आलं, आणि यावेळी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आता ऑपरेशन करता येणार नाही, पूर्ण बरा होईल असा उपाय नाही, आटोक्यात ठेवायचा प्रयत्न करायचा.

त्यासाठी गोळ्या होत्या. आणि गोळ्यांशिवाय एक दुसरी वाट होती, ट्रायलची. अर्ध्या पेशंटना ह्याच गोळ्या, उरलेल्या अर्ध्यांना ह्याच गोळ्या आणि सोबत एक इंजेक्शन, आणि कोण कुठल्या बाजूला जाणार ते कॉम्प्युटर ठरवणार. हॉस्पिटलचं आणि इंजेक्शनचं नाव मी लिहीत नाही, ती ट्रायल अजून चालू आहे.

त्या रात्री डोंबिवलीला काकांकडे सगळे बसलो होतो. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, ते पहिल्या झटक्यात नको म्हणाले. "आपल्यावर प्रयोग करत्यात. गरिबाच्या अंगावर शिकत्यात ती लोकं." आतेभाऊ, त्याला मी दादा म्हणते, त्याचं बरोबर उलटं. त्यानं इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचे, व्हिडिओ बघून ठेवले होते, असली औषधं बाहेर घ्यायची तर महिन्याला लाखांत जातात हे त्याला माहीत होतं, आणि इथं ते फुकट मिळतंय तर सोडायचं कसं असा त्याचा सवाल. काकू म्हणाल्या अमुक गावात एक वैद्य काढा देतात, त्यांच्या मैत्रिणीच्या दिराला फरक पडला. त्या काढ्यात काय असतं, तो किती जणांना दिला, त्यातले किती वाचले, ह्यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं, आणि तरी त्या काढ्याला कुणीही प्रयोग म्हणत नव्हतं. हे मला तेव्हा फार लागलं. जिथं सगळं लिहून, वाचून दाखवून, सही घेऊन करतात तो प्रयोग, आणि जिथं कुणी काहीच मोजत नाही तो उपचार.

दादानं दुसऱ्या दिवसापासून ओळख शोधायला सुरुवात केली. आपल्याकडे ते साहजिक आहे, बेड मिळवायला ओळख लागते, तारीख मिळवायला ओळख लागते, मग इंजेक्शनच्या बाजूला नंबर लावायला का लागणार नाही. एका पीएचा फोनपण आला म्हणे. पुढच्या ओपीडीला डॉक्टरांनी तो विषय स्वतःच काढला, चिडून नाही, शांतपणे. म्हणाले, कुणाचा नंबर कुठे लागणार हे मलाही आधी कळत नाही, मी ठरवू शकत असतो तर ह्या ट्रायलला काही अर्थच उरला नसता. आणि मग म्हणाले, इंजेक्शननं फायदा होतोच अशी मला खात्री असती तर निम्म्या पेशंटना ते न देणं हा गुन्हा झाला असता. मला माहीत नाही म्हणून तर ही ट्रायल आहे.

हे "मला माहीत नाही" पचवणं सगळ्यात अवघड. आपण एवढ्या लांब येतो, सिद्धेश्वर एक्सप्रेसला कुर्डुवाडीला बसून रात्रभर प्रवास करून, ते कुणालातरी माहीत असेल ह्या भरवशावर, आणि समोरचा एवढा मोठा माणूस म्हणतो माहीत नाही. दादाला वाटलं ते काहीतरी लपवतायत. मला उलट वाटलं की पहिल्यांदाच कुणीतरी आमच्याशी बरोबरीच्या नात्यानं बोललं.

नंतर मी वाचत बसले. अमेरिकेत 1990 च्या दशकात जे झालं ते मी दादाला मुद्दाम सांगितलं. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बायकांना प्रचंड मोठ्या डोसची केमो द्यायची आणि त्यात मरणारा बोनमॅरो, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा गाभा, भरून काढायला आधीच काढून ठेवलेल्या स्वतःच्याच पेशी परत घालायच्या, अशी एक ट्रीटमेंट निघाली. डॉक्टरांना पटली, पेपरवाल्यांना पटली, पेशंटना तर पटलीच. जास्त औषध म्हणजे जास्त फायदा, सरळ हिशोब. विमा कंपन्या ह्याला प्रयोग म्हणून पैसे नाकारायच्या तर त्यांच्यावर खटले झाले, 1993 साली कॅलिफोर्नियातल्या ज्युरीनं एका कंपनीविरुद्ध 8.9 कोटी डॉलरचा निकाल दिला. हजारो बायकांनी ट्रायलच्या बाहेर ही ट्रीटमेंट घेतली, आणि जिथं नीट तुलना चालू होती तिथं पेशंट मिळेनात, कारण साध्या केमोच्या बाजूला आपलं नाव निघालेलं कुणाला हवं असणार? शेवटी 1999 मध्ये ट्रायल्सचे निकाल आले तेव्हा कळलं की बायका त्यामुळे जास्त जगत नाहीत. ज्या एका दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात मोठा फायदा दिसत होता तो 2000 साली खोटा निघाला. दरम्यान त्या ट्रीटमेंटनंच काही जणी गेल्या होत्या. नवीन म्हणजे चांगलंच, असं आपण धरून चालतो ते किती महाग पडू शकतं हे त्यात दिसतं. आमच्या इंजेक्शनचंही तसंच होऊ शकलं असतं, कुणालाच सांगता येत नव्हतं.

पण मला खरं हलवून सोडलं ते आत्याच्याच जुन्या फाइलीनं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी स्कॅनमध्ये मानेत काहीच दिसत नव्हतं, तरी मानेच्या गाठी काढल्या होत्या. तेव्हा मामांनी विचारलं पण होतं, काही नाही तर मान कशाला फाडली, कारण नंतर तिचा खांदा जड झाला, हात वर जाईना. कारण असं की हा वाद सर्जन लोकांत कित्येक वर्षं चालू होता, आधीच काढाव्यात का वाट बघावी आणि आजार दिसला तरच काढाव्यात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमनं 2004 ते 2014 मध्ये जवळपास 600 पेशंट घेऊन ह्याचीच ट्रायल केली. त्यातल्या 500 जणांचा निकाल 2015 साली छापून आला. आधीच गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के जिवंत होते, वाट बघितलेल्यांपैकी 67.5 टक्के. म्हणजे आत्याच्या मानेवरचा तो लांब व्रण कुणाच्या लहरीनं आलेला नव्हता. आपल्याचसारखी माणसं, तंबाखूवाली, गुटख्यावाली, कुठून कुठून आलेली, त्यांनी कधीतरी असाच फॉर्म भरला होता म्हणून डॉक्टरांना काय करायचं ते पक्कं माहीत होतं.

आणि त्यातले निम्मे वाट बघण्याच्या बाजूला होते. त्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांना कुणी फसवलं नव्हतं, तेव्हा ती बाजूही अनेक चांगले सर्जन बरोबरच मानत होते, पण शेवटी आकडा त्यांच्या विरुद्ध गेला. आपण ट्रायलचा निकाल वाचतो तेव्हा जिंकलेल्या बाजूचा वाचतो. दुसरी बाजूही माणसांचीच असते आणि तिच्याशिवाय निकालच लागत नाही.

गोळ्यांचंही तसंच निघालं. दादा ज्याला "नुसत्या जुन्या गोळ्या" म्हणत होता, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब ही साधी सुजेवरची गोळी, त्यांची तुलना टाटानंच सलाइनमधून देतात त्या सिस्प्लॅटिन नावाच्या केमोशी केली होती, 422 पेशंटमध्ये, आणि 2020 मध्ये आलेल्या निकालात स्वस्तातल्या गोळ्या मागे पडल्या नाहीत, उलट थोड्या पुढेच होत्या, गोळ्यांवाल्यांत निम्मे पेशंट साडेसात महिन्यांहून जास्त जगले आणि सलाइनवाल्यांत निम्मे सहा महिन्यांच्या जरा वर. आज जी जुनी बाजू आहे ती काल कुणाचीतरी नवी बाजू होती. मग 2022 मध्ये त्यांनीच ह्या गोळ्या, त्यात एर्लोटिनिब नावाची अजून एक गोळी, आणि त्यावर निवोलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं औषध अगदी बारक्या डोसमध्ये देऊन बघितल्याचा निकाल दिला, दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या एका डोसचा दहावा हिस्सासुद्धा नाही. 151 पेशंट होते. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांच्या बाजूला 16.3 टक्के जिवंत, इंजेक्शनवाल्या बाजूला 43.4 टक्के. कमी डोसमध्ये काम भागतं का हे बघण्यात औषध कंपनीला काय रस असणार, असले प्रश्न असल्याच हॉस्पिटलनी विचारायचे. हा आकडा वाचून दादाचे डोळे चमकले, पण मी त्याला तोच आकडा उलटा पण वाचायला लावला, की चांगल्या बाजूलासुद्धा निम्म्याहून जास्त लोक वर्षात गेले. आणि ते औषध वेगळं, आमचं वेगळं.

मामांची शंका मात्र मी उडवून लावली नाही, आणि कुणीच लावू नये. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देण्याचा प्रकल्प झाला, त्यात सात मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ उठला. ते मृत्यू लशीमुळे नाहीत असं चौकशीत म्हणलं गेलं, पण संमतीचे बरेच फॉर्म आईबापांच्याऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं आणि हेडमास्तरनं सही केलेले निघाले, संसदेच्या समितीनं 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. मुंबईतही 1998 पासून झोपडपट्टीतल्या दीड लाख बायकांमध्ये व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासायची ट्रायल झाली. तपासलेल्या बाजूला त्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले, अतिशय मोलाचा निकाल, गरीब देशांना परवडणारा. पण दुसऱ्या बाजूच्या बायकांना माहिती दिली, तपासणी नाही, आणि त्यावर खूप टीका झाली. करणारे म्हणाले एरवीही ह्या बायकांची कुणी तपासणी करत नव्हतं. टीका करणारे म्हणाले तपासणीनं जीव वाचतात हे तर आधीच माहीत होतं. मला दोन्ही पटतं, आणि त्यातूनच मला कळलं की फॉर्म हातात आल्यावर सगळ्यात आधी काय शोधायचं. नव्या औषधाचं कौतुक नंतर. आधी दुसऱ्या बाजूला काय मिळणार ते. आज बाहेर जी सगळ्यात चांगली आणि आपल्याला मिळण्यासारखी ट्रीटमेंट आहे तीच तिथं मिळत असेल तर बोलणं पुढे जाऊ शकतं. त्याहून कमी असेल तर उठून यावं.

बाकी गोष्टी विचारत विचारत कळल्या. 2009 पासून आपल्याकडे प्रत्येक ट्रायल सीटीआरआय ह्या ट्रायल्सच्या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते, नंबर मागितला तर देतात आणि कुणालाही वेबसाइटवर ती उघडून बघता येते. 2019 च्या नियमांप्रमाणे ट्रायलला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत निम्मे लोक हॉस्पिटलच्या बाहेरचे असावे लागतात, त्यात एक वकिलीतला आणि एक साधा नागरिक. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता, आणि त्यानं नेहमीची ट्रीटमेंट बंद होत नाही. ट्रायलचं काम बघणाऱ्या आमच्या कोऑर्डिनेटर मुलीनं मराठी फॉर्म आत्याला बाकावर बसून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला आणि घरी न्या, सावकाश सांगा म्हणाली. जादाचे स्कॅन कोण भरणार, जादाच्या बायोप्सी किती, गावाहून यायचं भाडं मिळतं का, हे मी विचारलं, कारण प्रत्येक जादा खेपेला मामांचं शेत आणि दादाची रोजी बुडत होती. हे विचारताना लाज वाटते लोकांना. वाटू नये, पेशंटचे जेवढे दिवस हॉस्पिटलात जातात तेवढे घरचे कमी होतात, आणि अशा आजारात ते दिवस म्हणजेच सगळं असतं.

एवढं सगळं झाल्यावर आत्याचं काय मत हे डॉक्टरांनी विचारलं. खुर्ची तिच्याकडे वळवून, आम्हाला थांबवून. ऑपरेशननंतर तिचं तोंड नीट उघडत नव्हतं, बोलणं सावकाश आणि जरा अस्पष्ट यायचं. ती म्हणाली, "मला ते इंजेक्शन न्हाई लागलं, तर ह्या गोळ्या तरी मिळत्याल न्हवं? का त्या बी बंद?" डॉक्टर म्हणाले गोळ्या नक्की. "आन बघनार तुमीच?" मीच बघणार, तितकंच. "मग घाला की नाव. लागलं तर लागलं."

मी इतकं वाचून जिथं पोचले होते तिथं ती दोन प्रश्नांत पोचली होती. दादाला ट्रायल म्हणजे इंजेक्शन हवं होतं, मामांना ट्रायल म्हणजे फसवणूक वाटत होती, आणि आत्यानं एकटीनं ती दोन्ही बाजूंनी तपासली. इंजेक्शन मिळालं नाही तर मला चालेल का? चालेल. माझ्या मते ज्या घरात ह्या प्रश्नाला मनापासून हो येत नाही त्यांनी सही करू नये, कारण निम्म्या लोकांना ते मिळणारच नसतं, आणि मग ते प्रत्येक स्कॅनच्या वेळी आपल्याला फसवलं असं मनात धरून जगतात.

नंबर गोळ्यांच्याच बाजूला लागला. दादा त्या दिवशी कुणाशी बोलला नाही. आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली बरं झालं, दर खेपंला शीर शोधायची कटकट गेली. तिच्या शिरा खरंच सापडत नव्हत्या.

गोळ्यांनी काही महिने चांगले दिले, दुखणं कमी झालं, ती पातळ खिचडी खायला लागली, पंचमीला माहेरी आली. मग गाठ वाढली आणि ती ट्रायलमधून बाहेर निघाली. तेव्हा अजून एक ट्रायल पुढे आली, पण ती पहिल्या फेजची, औषध माणसाला नुकतंच द्यायला सुरुवात झालेली. नाव तेच असलं तरी ही अगदी वेगळी गोष्ट. तिथं मुख्य प्रश्न असतो की शरीराला डोस किती झेपतो, थोड्या थोड्या लोकांत वाढवत न्यायचा, फायदा झाला तर झाला. दर आठवड्याला यायचं, सुरुवातीला मुंबईतच राहायचं, दिवसभर थोड्या थोड्या वेळानं रक्त द्यायचं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. दादा परत हो म्हणत होता, आणि मीही मनातून थोडी हो म्हणत होते, कारण समोर दुसरं काही उरलं नव्हतं. आत्या म्हणाली, "आता मुंबई नगं." डॉक्टर म्हणाले बरोबर आहे, दुखण्याचं मी बघतो, आणि मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, त्यांनी तिला खरंच आराम पडला. तरुण माणूस असता, चालता-फिरता, त्याला वाटलं असतं की जाताना कुणाच्या तरी उपयोगी पडावं, तर त्याचं हो पण तितकंच बरोबर असतं. आत्याला घरी जायचं होतं. ती गावी गेली आणि पावसाळ्याच्या शेवटी तिथंच गेली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दादाला त्या कोऑर्डिनेटर मुलीचा फोन आला. पहिल्या ट्रायलमध्ये प्रत्येक पेशंटची शेवटपर्यंत नोंद ठेवावी लागते, म्हणून तिनं चौकशी केली, कळल्यावर थांबली, मग तारीख विचारली. दादानं सांगितली आणि तिला विचारलं, इंजेक्शनवाल्या बाजूचे लोक कसे आहेत. ती म्हणाली मला खरंच माहीत नाही हो, आम्हाला मधे काही सांगत नाहीत, सगळे पेशंट पूर्ण झाल्यावर एकदमच उघडतात, अजून दोन-तीन वर्षं तरी जातील. निकाल आला की आम्हाला कळवा, दादा म्हणाला. तिनं हो म्हणल्यावर त्यानं तिला आपला दुसरा नंबर पण लिहून घ्यायला लावला, हा कदाचित बंद होईल म्हणून.